पट्टा कोडीचा, वर्ष मॅकिन्टायरचे

मा. संपादक यांस,

सादर नमस्कार.

सरलेल्या २०२४ या वर्षातील क्रीडाघटनांचा आढावा आपल्या दैनिकाने नुकताच प्रसिद्ध केला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने ५७ किलो वजनगटात मिळवलेले कांस्यपदक आणि केवळ शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अंतिम लढतीच्या दिवशीच अपात्र ठरलेली विनेश फोगाट, या दोहोंना त्यात योग्य जागा मिळाली, याचे कुस्तीच्या गावातील वाचक म्हणून समाधान वाटले. मात्र ज्या कोल्हापुरात पहाटे तालमीत जोर काढणारी मुले रात्री त्याच तालमीच्या कट्ट्यावर मोबाईल मध्ये ठेवून रेसलमेनिया या व्यावसायिक कुस्तीच्या मोठ्या सोहळ्यातील लढतींवर हिरिरीने वाद घालतात, त्या कोल्हापुरात निघणाऱ्या दैनिकात व्यावसायिक कुस्तीवर वर्षभरात चार ओळीही येऊ नयेत, हे मला पटत नाही. म्हणून त्या आढाव्याला जोड म्हणून या वर्षातील माझ्या पसंतीचे मल्ल आणि त्यामागची कारणे आपल्या वाचकांपुढे ठेवण्याची परवानगी मागतो.

आक्षेप कोणता येईल, हे मला माहीत आहे. माझ्या घरातील आणि पेठेतील वडीलधाऱ्या मंडळींकडून तो मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. या लढतींचा निकाल आधी ठरलेला असतो, मग तिथे सर्वोत्तम कोण हे ठरवायचे कशाला, असा तो आक्षेप. निकाल ठरलेला असतो, हे खरेच आहे. ते आता कोणी लपवीतही नाही. परंतु त्यामुळेच इथे अजिंक्यपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला आहे यावरून मल्लाची पारख करता येत नाही आणि पारखणाऱ्याला अधिक बारकाईने पाहावे लागते. समोरच्याचा डाव खरा वाटेल अशा रीतीने स्वतःच्या अंगावर घेणे, डोक्यावर आपटला जाणार नाही अशा बेताने त्याला उचलून टाकणे, हजारो प्रेक्षकांचा श्वास कुठे रोखला जाईल हे ओळखून तिथे थांबणे आणि लढत संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याची किंमत वाढवून ठेवणे, ही कामे निकाल ठरवणाऱ्याला करता येत नाहीत. ती रिंगणात उतरलेल्या माणसालाच करावी लागतात. निकाल कागदावर असतो. मोडणारे हाड आणि फाटणारा स्नायू यांचे तसे नसते. माझी पारख याच कामाची आहे.

या कसोटीवर २०२४ चा माझा सर्वोत्तम मल्ल आहे स्कॉटलंडचा ड्र्यू मॅकिन्टायर. त्याने वर्षभरात अनेक मोठ्या लढती गमावल्या, पट्टा त्याच्याकडे सहा मिनिटेही धड राहिला नाही, आणि तरीही हे वर्ष त्याच्या खांद्यावर उभे राहिले असे माझे ठाम मत आहे.

गोष्ट सुरू झाली ती एका खऱ्या दुखापतीपासून. जवळजवळ दहा वर्षांच्या दुराव्यानंतर सीएम पंक नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीत परतला होता आणि रेसलमेनियाच्या मुख्य लढतीत उतरण्याचे त्याचे जुने स्वप्न आता पुरे होणार, असे सगळ्यांना वाटत होते. २७ जानेवारीच्या रॉयल रम्बल या सामूहिक लढतीत मॅकिन्टायरचा डाव अंगावर घेताना पंकच्या उजव्या दंडाचा मागचा स्नायू फाटला. असा अपघात झाला की बहुतेक वेळा कथानक गुंडाळून ठेवावे लागते आणि दुसरा मल्ल शोधावा लागतो. मॅकिन्टायरने तो अपघातच कथानकाच्या केंद्रस्थानी आणला. पंकला अशी दुखापत व्हावी म्हणून आपण प्रार्थना केली होती, असे तो भर रिंगणात सांगू लागला. लढू न शकणाऱ्या माणसाशी वैर पेटते ठेवणे फार अवघड असते; महिनोन्‌महिने हात बांधून बसलेल्या पंकविषयीची उत्सुकता त्याने केवळ बोलण्याने आणि वागण्याने जिवंत ठेवली.

एप्रिलच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात झालेल्या रेसलमेनियाच्या दुसऱ्या रात्री त्याने सेथ रॉलिन्सला हरवून वर्ल्ड हेवीवेट अजिंक्यपद जिंकले. याआधी एप्रिल २०२० मध्ये त्याने ब्रॉक लेस्नरला हरवले होते, तेव्हा महासाथीमुळे समोर एकही प्रेक्षक नव्हता. त्यामुळे भरल्या मैदानातील हा क्षण त्याला किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते. पण समालोचकांच्या टेबलाजवळ बसलेल्या पंकला चिडवायला तो गेला, पंकने हातावरच्या आधारपट्टीनेच त्याला झोडपले आणि अजिंक्यवीराला केव्हाही आव्हान देण्याचा हक्क असलेल्या डेमियन प्रीस्टने संधी साधून, तिथेच लढत देऊन पट्टा पळवला. १५ जूनला ग्लासगोत तो प्रीस्टसमोर उभा राहिला. मॅकिन्टायर तिथून जवळच असलेल्या एअर या गावचा. सारे सभागृह त्याच्या बाजूने गर्जत होते, प्रीस्ट पाठीवर होता, आणि पंचाच्या वेशात धावत आलेल्या पंकने तीन मोजायचे ते दोनपर्यंतच मोजून हात थांबवला. आपल्या गावच्या मैदानात, आपल्या माणसांसमोर मल्लावर अन्याय झाला की काय होते, हे कोल्हापूरकराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ६ जुलैला टोरंटोत हाच प्रकार तिसऱ्यांदा घडला: केव्हाही अजिंक्यपदाची लढत मागण्याचा हक्क देणारी मनी इन द बँकची पेटी मॅकिन्टायरने जिंकली, त्याच रात्री वापरली आणि पंकने ती वाया घालवली.

इथपर्यंतच्या घटना वाचणाऱ्याला मॅकिन्टायरच बिचारा वाटेल, आणि नेमके हेच त्याचे कसब आहे. तो खलनायक होता. शिकागोत, पंकच्या स्वतःच्या शहरात, त्याने पंकला रक्तबंबाळ करून त्याच्या मनगटातील पत्नीचे आणि कुत्र्याचे नाव असलेले साधे मण्यांचे कडे हिसकावून नेले, आणि पुढचे काही महिने जगभरचे प्रेक्षक सोन्याचा पट्टा विसरून त्या कड्यासाठी भांडले. तरीही त्याचे प्रत्येक म्हणणे ऐकताना याच्याजागी आपण असतो तर आपणही असेच पेटलो असतो, असे वाटत राहिले. खलनायकाचे म्हणणे बरोबर असावे आणि वागणे चुकीचे असावे, हा तोल वर्षभर सांभाळणे मी तरी अलीकडच्या काळात दुसऱ्या कोणाच्या कामात पाहिलेले नाही.

दोघांच्या तीन लढती झाल्या. ३ ऑगस्टला क्लीव्हलंडच्या समरस्लॅममध्ये रॉलिन्स पंच असताना मॅकिन्टायर जिंकला. ३१ ऑगस्टला बर्लिनमध्ये दोघांची मनगटे एकाच चामडी पट्ट्याला बांधून लढत झाली आणि पंकने आपले कडे परत मिळवले. ५ ऑक्टोबरला अटलांटात हेल इन अ सेल म्हणजे लोखंडी पिंजऱ्यातील शेवटची लढत झाली. तिच्यात मॅकिन्टायरचे डोके फुटले, आणि तो हरला. ही तिसरी लढत मी या वर्षातील डब्ल्यूडब्ल्यूईची सर्वोत्तम लढत मानतो. तिच्यात उड्या फार नव्हत्या. दोन चाळिशीच्या आसपासचे, थकलेले, एकमेकांचा मनापासून द्वेष करणारे पुरुष एका पिंजऱ्यात कोंडले आहेत, यावर शेवटपर्यंत विश्वास बसत होता, आणि जुन्या पद्धतीची ही लढत तेवढ्यावरच उभी होती. पंक त्या रात्री जिंकला आणि त्याचे नाव वर्षअखेरीच्या सर्व याद्यांत वर चढले. ते मॅकिन्टायरने चढवले. खासबागेच्या कुस्ती मैदानातील जुने जाणकार कुस्ती पाहताना जिंकणाऱ्याइतकेच हरणाऱ्याकडे लक्ष ठेवत, त्याने किती वेळ झुंजवले आणि चितपट होण्याआधी किती डाव फेडले हे पुढे वर्षानुवर्षे सांगत. त्या नजरेने पाहिले तर माझी निवड विचित्र वाटू नये.

या निवडीवर अनेक तरुण वाचक नाराज होतील, कारण त्यांच्या दृष्टीने हे वर्ष कोडी ऱ्होड्सचे होते. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. कोडीने ७ एप्रिलला रोमन रेन्सला हरवले, तेव्हा १३१६ दिवसांची एक राजवट संपली. डस्टी ऱ्होड्ससारख्या लोकप्रिय मल्लाचा हा मुलगा २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडून गेला, एईडब्ल्यू ही दुसरी कंपनी उभी करण्यात त्याने हात लावला, २०२२ मध्ये परतला, त्याच वर्षी छातीचा स्नायू फाटून अर्धी छाती काळीनिळी पडलेली असताना लढला, आणि वडिलांना जे अजिंक्यपद कधी मिळाले नाही ते अखेर घरी घेऊन गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याची रेसलमेनियातील जागा ‘द रॉक’ या मल्लाला देण्याचे ठरल्याचे दिसले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी जो गदारोळ केला त्याने आठवड्याभरात निर्णय फिरला. प्रेक्षकांच्या शब्दाला एवढे वजन असलेला प्रसंग या धंद्यात क्वचितच घडतो, आणि त्या विजयाच्या वेळी माझेही डोळे ओलावले होते. परंतु हा सगळा भार जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांचा आहे. त्यानंतर कोडी सज्जन, कष्टाळू, प्रामाणिक अजिंक्यवीर राहिला. त्याच्या लढती चांगल्या झाल्या, पण त्याचे वर्ष वसंतातच शिखरावर पोहोचले होते. त्याला मी तिसरे स्थान देतो.

दुसरे स्थान ऑस्ट्रियाच्या गुंथरचे आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना मला विशेष आनंद होतो, कारण तालमीत वाढलेल्या डोळ्यांना सर्वात आधी आवडेल असा हाच मल्ल आहे. ना भडक पोशाख, ना नाच, ना लांबलचक भाषणे. तो येतो, पाय रोवून उभा राहतो, खडाखडी होते, हाताची पकड बसते आणि तिथूनच लढतीला अर्थ येऊ लागतो. पहिल्या पाच मिनिटांत तो घाई करत नाही. त्याची उघड्या पंजाची थाप छातीवर बसली की तिचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि समोरच्याच्या छातीवर उठलेले लाल वळ कोणाला रंगवून दाखवावे लागत नाहीत. इंटरकॉन्टिनेन्टल अजिंक्यपद त्याने सलग ६६६ दिवस राखले. तो विक्रम आहे. ६ एप्रिलला त्याने ते सामी झेनला दिले, आणि ‘दिले’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण त्या लढतीत सामीच्या पत्नी आणि मुलासमोर त्याने सामीला इतके निर्दयपणे बडवले की सामीचा शेवटचा उठाव सगळ्या मैदानाचा उठाव झाला. पुढे मे महिन्यात जेद्दाहमध्ये रँडी ऑर्टनला हरवून तो किंग ऑफ द रिंग स्पर्धेचा विजेता ठरला, समरस्लॅममध्ये प्रीस्टकडून त्याने वर्ल्ड हेवीवेट अजिंक्यपद घेतले आणि बर्लिनमध्ये ऑर्टनला पुन्हा नमवले. नोव्हेंबरमध्ये रियाधला कोडीने त्याला हरवले. मनगटावर, मानेवर, पायावर एकेक करून काम करीत जाण्याची त्याची पद्धत आमच्याकडील घिस्सा आणि पट या डावांवर हुकमत असलेल्या, उगाच हालचाल न करणाऱ्या मल्लांच्या जवळची आहे. नव्याने पाहू लागणाऱ्या कोणत्याही कुस्तीशौकिनाला मी आधी गुंथरच दाखवीन.

महिला मल्लांमध्ये माझी पहिली पसंती डब्ल्यूडब्ल्यूईबाहेरची आहे: एईडब्ल्यूमधील टोनी स्टॉर्म. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि ऑस्ट्रेलियात वाढलेली ही मल्ल गेले वर्षभर जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील, प्रसिद्धीचा सूर्य कलू लागलेल्या नटीच्या भूमिकेत वावरते. तिचे आगमनही कृष्णधवल चित्रणात दाखवले जाते, सोबत एक बटलर असतो, तिची बोलण्याची ढब जुन्या काळच्या पडद्यावरची असते. वाचताना हे उथळ वाटू शकेल. प्रत्यक्षात तिने या भूमिकेत एवढा जीव ओतला आहे की हसता हसता तिच्याविषयी करुणा वाटू लागते. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ मध्ये सुरू झालेली प्रभात, या दोन्ही ज्या शहरात जन्मल्या आणि ज्या शहरात खासबागही आहे, त्या शहरातील प्रेक्षकाला मल्लविद्या आणि अभिनय एकाच देहात इतके सहज नांदताना पाहून जो आनंद होतो तो वेगळाच. तिची निस्सीम चाहती म्हणून आलेली मरायाह मे हिला टोनीने शिष्या म्हणून जवळ केले. जुलैमध्ये त्या शिष्येनेच पट्ट्याने आणि टाचेच्या बुटाने मारून तिला रक्ताळलेल्या अवस्थेत टाकले आणि २५ ऑगस्टला लंडनच्या वेम्बली मैदानात तिचे अजिंक्यपदही काढून घेतले. वस्तादावर शिष्य उलटल्याच्या कथा आपल्याकडे भरपूर आहेत. इतक्या संयमाने, नऊ महिने हळूहळू शिजवत नेलेली कथा मात्र मी या रिंगणात फारशी पाहिलेली नाही.

तिच्या मागोमाग लिव्ह मॉर्गन. रिया रिप्लीला एप्रिलमध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे पट्टा सोडून द्यावा लागला, तेव्हा महिला विभागाची सगळी मांडणी कोसळायची वेळ आली होती. लिव्हने २५ मे रोजी बेकी लिंचला हरवून ती मोकळी जागा भरली आणि रिया परतेपर्यंत, परतल्यानंतरही, लोकांना टीव्हीसमोर बसवून ठेवले. शक्तीने आणि आकाराने रिया तिच्यापेक्षा कितीतरी वरचढ आहे, आणि तीच खरी श्रेष्ठ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण वर्षाचा हिशेब मांडताना ज्या महिन्यांत ओझे वाहायचे होते त्या महिन्यांत ते लिव्हने वाहिले.

निव्वळ कौशल्याचा विचार केला तर इंग्लंडच्या विल ऑस्प्रेइतका मोठा मल्ल आज दुसरा नाही. त्याच्या शरीराला हाडे आहेत की नाहीत, असा प्रश्न पडावा इतक्या लीलया तो हवेत वळतो. २१ एप्रिलला सेंट लुईसमध्ये ब्रायन डॅनियलसनविरुद्ध त्याने दिलेली लढत ही सर्व कंपन्या मिळून माझ्या मते वर्षातील सर्वोत्तम लढत होती. तरीही त्याला मी पहिल्या तिघांत घेतलेले नाही. त्याच्या बहुतेक लढती इतक्या उंच सुरात सुरू होतात की पुढे चढायला जागा उरत नाही, आणि मान आणि डोक्यावर पडणारे जे डाव तो घेतो व देतो त्यांची मला काळजी वाटते. त्याने अजून पुष्कळ वर्षे खेळावे अशी मनापासून इच्छा असल्यामुळेच हे लिहितो आहे.

डॅनियलसनबद्दल लिहिताना याच काळजीला दुसरे टोक येते. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे २०१६ मध्ये निवृत्त व्हावे लागलेला हा मल्ल २०१८ मध्ये परतला, आणि आपण पूर्ण वेळ फार काळ लढणार नाही असा शब्द त्याने आपल्या लेकीला दिला होता. वेम्बलीत त्याने आपली कारकीर्द पणाला लावून स्वर्व्ह स्ट्रिकलंडकडून एईडब्ल्यूचे जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि पत्नी व मुलांसह रिंगणात उभा राहिला. स्वर्व्हचाही इथे उल्लेख झालाच पाहिजे. एप्रिलमध्ये तो ते अजिंक्यपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय मल्ल ठरला होता आणि वेम्बलीतील लढतीत डॅनियलसनला त्याने जे उभे केले ते मोठ्या मनाचे काम होते. १२ ऑक्टोबरला डॅनियलसन आपल्याच वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा येथे, जॉन मॉक्सलीकडून हरला आणि त्याची पूर्ण वेळची कारकीर्द तिथे संपली. जाता जाता पट्टा आणि सन्मान दुसऱ्याच्या हाती सोपवून जाणे ही या धंद्यातली जुनी रीत त्याने पाळली.

याच ओघात स्टिंग. वयाच्या पासष्टीला काही दिवस कमी असताना, ३ मार्चला ग्रीन्सबरो येथे, डार्बी ॲलिनला जोडीला घेऊन त्याने आपली शेवटची लढत जिंकली आणि तो एईडब्ल्यूमध्ये एकदाही न हरता निवृत्त झाला. १९८८ मध्ये रिक फ्लेअरशी पंचेचाळीस मिनिटांची बरोबरीत सुटलेली लढत देऊन तो ज्या सभागृहात मोठा झाला, तेच हे सभागृह. वर्षातील सन्मानाचे पान त्याच्यासाठी राखून ठेवावे.

आता एक निवड खास कोल्हापूरसाठी: चॅड गेबल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून ८४ किलो ग्रीको-रोमन गटात उतरलेला हा मल्ल. अंगाने लहान, पण पाठीमागून कंबर धरून उचलून टाकण्याची त्याची फेक पाहिली की खरी चटई त्याच्या अंगात किती मुरली आहे ते कळते. सामी झेनशी त्याचे आधी गुरू म्हणून आणि मग वैरी म्हणून जे नाते रंगले, त्यातील त्याचे काम मला अनेक अजिंक्यवीरांपेक्षा सरस वाटले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीतून आणलेल्या पदकाचा अभिमान बाळगणाऱ्या शहरात त्याला चाहते कमी असावेत, याचे मला वाईट वाटते. गेबलच्या यशाचे मोल दुसऱ्या एका उदाहरणाने अधिक कळते. टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता गेबल स्टीव्हसन याला डब्ल्यूडब्ल्यूईने करार देऊन आणले होते. मे २०२४ मध्ये त्याला मुक्त करण्यात आले. जगातील सर्वोत्तम हेवीवेट मल्ल असूनही हे काम जमेलच असे नाही, कारण इथे प्रतिस्पर्ध्याला पाडण्याइतकेच त्याला उभे करणेही यावे लागते. ‘नाटकी कुस्ती कोणालाही येईल’ असे म्हणणाऱ्या आमच्या काही वस्ताद मंडळींनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

नव्या दमाच्या मल्लांत ब्रॉन ब्रेकर आणि जेकब फाटू ही दोन नावे. ब्रेकर हा रिक स्टायनरचा मुलगा. समरस्लॅममध्ये सामीकडून इंटरकॉन्टिनेन्टल पट्टा घेताना त्याचा वेग पाहून बसल्या जागी मागे सरकायला होते. फाटू जूनमध्ये आला. सामोअन घराण्याचा हा वारस एवढ्या वजनाच्या देहाने दोराच्या टोकावरून झेप घेतो, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. त्या घराण्यातील सिका आणि अफा हे दोन्ही ज्येष्ठ बंधू याच वर्षी गेले, आणि त्याच वर्षी ही पुढची पिढी उभी राहिली.

रोमन रेन्सचे नाव या पत्रात सन्मानाच्या स्थानी का नाही, असे कोणी विचारील. त्याची उंची मी नाकारत नाही. गेल्या चार वर्षांत या क्षेत्राला त्याने दिलेले वळण मोठे आहे. पण २०२४ मध्ये तो बोटांवर मोजण्याइतक्या लढतींत उतरला, आणि वर्षाचा मान वर्षभर अंग झिजवणाऱ्याला मिळावा. रॉकबाबत तर हे अधिकच लागू पडते. आपल्या भारतीयांसाठी मात्र हे वर्ष निराशेचे गेले. जानेवारीत भारतीय वंशाच्या जिंदर महालला रॉलिन्सविरुद्ध अजिंक्यपदाची एक लढत मिळाली, पण एप्रिलमध्ये त्याच्यासह वीर आणि सांगा यांनाही मुक्त करण्यात आले. २००७ मध्ये खलीने आणि २०१७ मध्ये जिंदरने मोठे पट्टे जिंकले तेव्हा इथल्या गल्ल्यांत जो उत्साह होता तो पुन्हा यायचा असेल, तर केवळ उंची पाहून माणसे निवडण्यापेक्षा मातीतल्या आणि मॅटवरच्या चपळ मल्लांकडे या कंपन्यांनी पाहायला हवे, असे मला वाटते. कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात तशी मुले शेकड्याने घाम गाळत आहेत. त्यांना मासिक खुराकाचा खर्च झेपत नाही. यात्रा-जत्रांच्या मैदानांचा हंगाम संपला की पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. पन्नाशीच्या दशकात दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्री-स्टाइल लढती पाहायला मुंबईत झुंबड उडत असे, म्हणजे आपल्या प्रेक्षकाला हा प्रकार परका नाही.

याच संदर्भात पालकांना एक सांगावेसे वाटते. पडद्यावर दिसणारे हे डाव वर्षानुवर्षे पडण्याचा सराव केलेली माणसे, लवचिक रिंगणात, एकमेकांच्या संमतीने करतात. फरशीवर किंवा वर्गात मुलांनी त्यांचे अनुकरण केले तर मान मोडेल. कौतुक करताना हेही त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

२०२५ हे आपले रिंगणातील अखेरचे वर्ष असेल, असे जॉन सीनाने ६ जुलै २०२४ रोजी टोरंटोत जाहीर केले होते. आपल्याकडे ज्यांनी केवळ त्याच्यामुळे हा खेळ पाहायला सुरुवात केली, अशी एक अख्खी पिढी आहे. निदान त्या निमित्ताने तरी आपल्या क्रीडापानावर येत्या वर्षात व्यावसायिक कुस्तीला महिन्यातून एकदा अर्धा रकाना द्यावा. त्यात केवळ कोण जिंकले हे न देता लढत कशी झाली याविषयी जाणकारांकडून लिहून घ्यावे, आणि डिसेंबरमध्ये वाचकांकडून त्यांच्या पसंतीची नावे कारणांसह मागवावीत, अशी विनंती आहे. मॅकिन्टायरऐवजी कोडीला, टोनीऐवजी रियाला किंवा गुंथरऐवजी ऑस्प्रेला पहिला मान देणाऱ्या वाचकांची पत्रे आपण छापलीत, तर ती मी आवडीने वाचेन आणि शक्य झाल्यास उत्तरही पाठवीन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक कुस्तीप्रेमी वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर